खसखशीची खीर दुकानात यावी

बेळगावच्या उत्तरेला, शहराला खेटून कंग्राळी बुद्रुक आणि कंग्राळी खुर्द ही दोन गावे आहेत. कंग्राळीजवळून वाहणारी मार्कंडेय नदी पुढे गोडचिनमलकीच्या धबधब्यावरून कोसळते आणि गोकाक परिसरात घटप्रभेला मिळते. बेळगावचे नाव कुंदा या मिठाईने झाले, गोकाकचे करदंटाने. याच टापूतल्या सणाच्या पंगतीतली खसखशीची खीर मात्र घराबाहेर पडलीच नाही. 1956 मध्ये बेळगाव म्हैसूर राज्यात गेले, तरी मराठी घरांतली ही खीर आणि कन्नड घरांतले गसगसे पायस यांची कृती जवळपास एकच राहिली.

खसखस कोरडी भाजायची, मूठभर तांदूळ भिजवायचे आणि ओल्या खोबऱ्यासह दोन्ही पाट्यावर गंधासारखे वाटायचे. मग पाणी घालून मंद आचेवर शिजवायचे आणि शेवटी गूळ, वेलदोडा. एका ग्रॅममध्ये खसखशीचे सुमारे 3,300 दाणे बसतात. घाईत वाटले तर बरेचसे अख्खेच राहतात.

हाँगकाँग आणि दक्षिण चीनच्या ग्वांगडोंग प्रांतात हीच रीत वेगळ्या दाण्यांवर चालते. काळे तीळ, अक्रोड, शेंगदाणे किंवा जर्दाळूच्या बियांतला गर भिजवलेल्या तांदळाबरोबर ओला दळतात, साखर घालून ढवळत शिजवतात. एका वाटीत सहसा एकाच दाण्याची चव असते. फरक आहे तो खाण्याच्या जागेत. तिथे गल्लीतल्या छोट्या दुकानांत रात्री जेवणानंतर शेजारपाजारचे लोक येतात आणि गरम वाटी तिथेच बसून संपवतात.

दोन्हीकडे तांदळाचे काम एकच. खसखस, तीळ, शेंगदाणे यांत वजनाच्या जवळपास निम्मे तेल असते, अक्रोडात त्याहूनही जास्त. नुसते वाटण उकळले तर तेल वर येते आणि चोथा खाली बसतो. तांदळातला स्टार्च फुगून दाट होतो आणि दोघांना धरून ठेवतो. ढवळणे थांबले, की तोच तळाला लागतो.

मग करदंट बाजारात पोहोचले आणि खीर का नाही? करदंटात तुपात तळलेला डिंक, सुके खोबरे, खारीक, काजू, बदाम आणि गुळाचा पाक असतो. पाण्याचा अंश कमी, म्हणून ते टिकते आणि प्रवासाला चालते. बागलकोट जिल्ह्यातल्या अमिनगडला 1907 पासून करदंटाचा व्यवसाय आहे. कुंदाही दूध आटवूनच होतो. खीर मात्र दुसऱ्या दिवशी उतरते. शिवाय खसखस महाग. अफूच्या बोंडातले हे बी असल्याने मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेशात परवान्यानेच पिकते, बाकीचे परदेशातून येते.

पण शेंगदाणा तर बेळगाव जिल्ह्यातच पिकतो. उपवासाची दाण्याची आमटी करणाऱ्या हातांना दाणे वाटून दाट करण्याची कला शिकवावी लागत नाही. टिकत नाही ही अडचणही हाँगकाँग-ग्वांगडोंगच्या दुकानांनी सोडवून दाखवली आहे: रोज करायचे, त्याच दिवशी विकायचे.

बेळगावच्या मिठाईवाल्यांनी या हिवाळ्यात कुंद्याच्या शेजारी एक पातेले ठेवावे आणि संध्याकाळी खसखशीची किंवा दाण्याची गरम खीर वाटीने विकावी. वाचकहो, तुम्हीही ती दुकानात मागा. गिऱ्हाईक मागू लागले, तरच पातेले चुलीवर चढेल.