मुक्काम सरदारपूर

माळव्यातील मराठी घरांत पुण्या-मुंबईचा पाहुणा आला म्हणजे त्याला काय दाखवावे, हे जणू आधीच ठरलेले असते. इंदूरचा राजवाडा, ओंकारेश्वर, अहिल्याबाईंचे महेश्वर आणि एक दिवस मांडवगड. सकाळी डबे बांधून निघावे, जहाज महाल आणि होशंगशहाची कबर पाहावी, रूपमतीच्या सज्जावरून दूरवर चमकणारी नर्मदेची रेघ पाहुण्याला बोटाने दाखवावी आणि दिवेलागणीच्या सुमारास घरी परतावे. या सहलीत वावगे काही नाही. मात्र इतक्या घाईच्या प्रवासात धार जिल्ह्याचा सारा पश्चिम भाग पाहावयाचा राहून जातो, आणि त्या भागातील माणसांच्या पदरात प्रवाशाकडून काहीच पडत नाही. विंध्याची कडा जेथे तुटत तुटत निमाडात उतरते, त्या डोंगराळ मुलखाकडे आमच्या वाचकांचे लक्ष वेधावे, एवढ्याचसाठी हा लेख.

या मुलखात फिरावयाचे तर मुक्कामाला सोयीचे गाव सरदारपूर. इंदूर-अहमदाबाद महामार्गाने धार सोडले, की चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरवर मही नदीच्या काठी हे तहसिलीचे गाव लागते. इंग्रजी अमलात येथे माळवा भिल्ल पलटणीची छावणी होती, आणि भोपावर एजन्सीचे ठाणेही येथेच होते. मही नदीचा उगम याच तहसिलीतील मिंडा गावाजवळ आहे. ५८३ किलोमीटर वाहून खंबातच्या आखाताला मिळणारी ही नदी उत्तरेस जाऊन पुन्हा दक्षिणेकडे वळते आणि अशा रीतीने कर्कवृत्त दोनदा ओलांडते. भूगोलाच्या पुस्तकात पाठ केलेली ही गोष्ट मुलांना नदीच्या काठी उभे करून सांगता आली, तर ती त्यांच्या जन्मभर लक्षात राहील.

मराठी माणसाला या वाटेवर परके वाटण्याचे कारण नाही. धारच्या किल्ल्यात १७७५ साली दुसऱ्या बाजीरावाचा जन्म झाला. तेथून पुढे, सरदारपूर तहसिलीतच, अमझेरा हे गाव आहे. २९ नोव्हेंबर १७२८ रोजी चिमाजी आप्पा आणि उदाजी पवार यांनी येथे माळव्याचा मोगल सुभेदार गिरिधर बहादूर याच्याशी लढाई दिली. सुभेदार आणि त्याचा आप्त दयाबहादूर दोघेही रणात पडले, आणि माळव्याचे दार मराठ्यांना उघडले. धार आणि देवास येथील पवारांची संस्थाने, इंदूरचे होळकर, उज्जैन-ग्वाल्हेरचे शिंदे, आणि त्यांच्या मागोमाग आलेली आपली कारकुनी, भिक्षुकी व शिलेदारी घराणी, या साऱ्यांच्या कहाणीत त्या दिवसाचा वाटा मोठा आहे. असे असूनही इंदुरात पिढ्यान् पिढ्या राहिलेल्या किती मराठी कुटुंबांनी अमझेरा पाहिले असेल?

त्याच अमझेऱ्याचा राणा बख्तावरसिंह १८५७ च्या उठावात इंग्रजांविरुद्ध उभा राहिला आणि १० फेब्रुवारी १८५८ रोजी इंदुरात फासावर गेला. पुढे अमझेऱ्याचा मुलूख ग्वाल्हेर संस्थानास जोडण्यात आला. गावची आणखी एक आख्यायिका मराठी वाचकाला गंमतीची वाटेल. रुक्मिणी ही विदर्भाची राजकन्या आणि तिचे कौंडिण्यपूर अमरावती जिल्ह्यात, असे आपण लहानपणापासून ऐकतो. अमझेऱ्याचे लोक मात्र अमका-झमका देवीच्या मंदिराकडे बोट दाखवून, रुक्मिणीहरण येथेच झाले, असे निःशंकपणे सांगतात. पाहुण्याने वाद घालू नये, कथा ऐकावी. माहेरे दोन असली म्हणून रुक्मिणीमातेचे काही उणे होत नाही.

सरदारपुराहून दक्षिणेकडे, टांड्यावरून डोंगर उतरत गेले की बाघ लागते. मऊ वालुकाश्मात कोरलेली येथील बौद्ध लेणी अजिंठ्याच्या कुळातली. मूळच्या नऊ लेण्यांपैकी काही ढासळली आहेत, तरी 'रंगमहाल' म्हणून ओळखले जाणारे चौथे लेणे पाहताना आपल्या अजिंठ्याची आठवण झाल्यावाचून राहत नाही. बाघ तेव्हा ग्वाल्हेर संस्थानात होते. संस्थानच्या पुरातत्त्व खात्याचे प्रमुख मो. ब. गर्दे हे मराठी विद्वान या लेण्यांच्या अभ्यासकांपैकी एक. १९२१ साली नंदलाल बोस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी येथील भित्तिचित्रांच्या नकला केल्या. पुढे ओल आणि बुरशी यांनी चित्रांची हानी होऊ लागली, तेव्हा १९८२ पासून पुरातत्त्व खात्याने ती भिंतींवरून अलगद सोडवून घेतली, आणि आता ती संग्रहालयात ठेवलेली आहेत. बाघ गावात खत्री कारागीर लाकडी ठशांनी कापड छापतात. तुरटीच्या आधाराने लाल, लोखंडाच्या गंजापासून काळा, आणि धुलाईला वाहते पाणी, अशी ही कला. इंदूरच्या दुकानांतून बाघछाप साडी घेणाऱ्या आमच्या भगिनींनी ठसा कापडावर उमटताना एकदा डोळ्यांनी पाहावा. साडीची किंमत मग जास्त वाटणार नाही.

याच बाघ-कुक्षी परिसरातील खडकांत डायनासोरांची अंडी सापडली आहेत. नर्मदेच्या खोऱ्यातील धार जिल्ह्याच्या गावांत ९२ घरटी आणि २५६ अंडी आढळल्याचे संशोधकांनी २०२३ च्या जानेवारीत प्रसिद्ध केले. पाडल्या गावातील शेतकरी असे वाटोळे दगड 'काकड भैरव' म्हणून पिढ्यान् पिढ्या पूजत आले होते, हेही त्याच वर्षी सर्वांच्या कानी आले. शेंदूर लावलेल्या दगडात कोट्यवधी वर्षांचा इतिहास निघावा, यापरते नवल कोणते?

आणखी एक नवल पावसाळ्यात दिसते. सरदारपूरच्या गवताळ माळांवर श्रावणात तणमोर येतो. इकडे त्याला खरमोर म्हणतात. गवतातून एकाएकी उंच उसळी मारणारा काळा-पांढरा नर मादीला आपली जागा दाखवतो आणि दिवसातून शेकडो वेळा हीच कसरत करतो. डॉ. सालिम अली यांच्या आग्रहामुळे १९८३ साली येथे सुमारे ३४८ चौरस किलोमीटरचे अभयारण्य घोषित झाले. परंतु त्यात गावांची खासगी शेतजमीन मोठ्या प्रमाणावर आली. जमिनीच्या खरेदी-विक्रीवर बंधने आली, कर्ज काढणे व मुलीच्या लग्नासाठी तुकडा विकणे कठीण झाले, आणि पक्षी शेतकऱ्याच्या रोषाचा धनी झाला. तणमोराची गणना २०२१ पासून अतिसंकटग्रस्त पक्ष्यांत होते. पक्षी राहिला तर आपले नुकसान, असे ज्या शेतकऱ्याला वाटते, त्याच्या शेतात पक्षी फार काळ टिकत नाही. तो दाखवण्याची बिदागी त्याच शेतकऱ्याला मिळाली, त्याचा मुलगा वाटाड्या झाला, तर हिशेब बदलू शकेल. अर्थात पाहणाऱ्याने रस्ता सोडून गवतात शिरू नये, हा नियम घालून देणारा माणूसही त्याच गावचा हवा.

पाहण्याजोगे इतके असूनही माणूस येथे थांबत का नाही? उत्तर साधे आहे. रात्री राहावे कोठे, जेवावे कोठे आणि वाट कोणाला विचारावी, हे त्याला ठाऊक नसते. या भागात प्रवाशांची व्यवस्था कशी असावी याचा पाठ घ्यावयाचा तर तो तीर्थक्षेत्रातच मिळतो. राजगडजवळचे मोहनखेडा हे 'अभिधान राजेंद्र कोशा'चे कर्ते आचार्य राजेंद्रसूरी यांच्या समाधीचे स्थान. राजेंद्रसूरींचे १९०६ साली राजगड येथे देहावसान झाले. तेथे धर्मशाळा आहे, भोजनशाळा आहे, दूरदूरच्या जैन यात्रेकरूंची शिस्तीने सोय होते. यात्रेकरूला जी सोय समाजाने करून दिली, ती सहलीच्या प्रवाशाला करून देणे अशक्य नाही. मोठमोठी उपाहारगृहे बांधण्याची त्यासाठी गरज नाही. स्वच्छ अंथरुणाची खोली, पाण्याची सोय असलेले शौचालय, दाराला आतून कडी, गरम जेवण आणि ठरलेले भाडे, इतके असले म्हणजे मराठी कुटुंब आनंदाने दोन रात्री काढील.

कोकणात हे घडलेले आपण पाहिले आहे. निवास आणि न्याहारीची व्यवस्था घरोघरी झाली, माजघरातल्या गृहिणीच्या हाताला किंमत आली आणि मुंबईच्या मनीऑर्डरीवर चालणारी घरे पाहुण्यांवर चालू लागली. मध्य प्रदेशातही ओरछाजवळच्या लाडपुरा खास या गावात ग्रामस्थांनी आपल्या घरांत पाहुण्यांसाठी खोल्या केल्या, आणि २०२१ साली संयुक्त राष्ट्रांच्या जागतिक पर्यटन संघटनेकडे उत्तम पर्यटन ग्राम म्हणून भारतातर्फे पाठवलेल्या तीन नावांत त्या गावाचे नाव होते. सरदारपूरच्या खेड्यांत मक्याचे पानिये आहेत, पानांत गुंडाळून गोवऱ्यांवर भाजलेले. सोबत उडदाची डाळ. पाहुण्याला याहून वेगळे काय हवे?

मात्र येथे एक पेच आहे, आणि कोकणाच्या अनुभवातून तो सुटत नाही. खरिपाचे पीक घरात आले, दिवाळी झाली, की या भागातील भिल्ल-भिलाला कुटुंबे मजुरीसाठी गुजरातेची वाट धरतात. घरी म्हातारी माणसे आणि लहान मुले उरतात. होळीपूर्वीच्या भगोऱ्याला सारे परत येतात. म्हणजे हिवाळ्याच्या ज्या चार महिन्यांत प्रवासी यावयाचा, नेमक्या त्याच महिन्यांत यजमान घरी नसतो. आमच्या मते या भागातील पर्यटनाची खरी कसोटी हीच. किती गाड्या आल्या आणि किती तिकिटे खपली, यापेक्षा त्या हिवाळ्यात किती घरांना कुलूप लागले नाही, हे मोजावे. एका खोलीच्या भाड्याने सारे कुटुंब तरणार नाही, हे उघड आहे. परंतु खोली, स्वयंपाक, वाटाड्याचे काम आणि गाडीभाडे ही सारी मिळकत एकाच गावात वाटली गेली, तर एखादी सून तरी आपले तान्हे घेऊन परमुलखात विटा वाहण्यास जाणार नाही.

म्हणूनच जमीन आणि व्यवसाय यांचा ताबा गावाकडे राहणे अगत्याचे आहे. सरदारपूर तहसील अनुसूचित क्षेत्रात मोडते. आदिवासींची जमीन इतरांनी घेण्यावर कायद्याने कडक निर्बंध आहेत, आणि १९९६ च्या पेसा कायद्याचे नियम मध्य प्रदेशात २०२२ साली लागू झाल्यावर ग्रामसभेला अधिक अधिकार मिळाले आहेत. शहरातल्या भांडवलदाराने येऊन कुंपण घालावे आणि गावकऱ्याने त्याच्या फाटकावर पहारेकरी व्हावे, असा विकास येथे नको. भगोऱ्याच्या बाबतीतही हेच म्हणावेसे वाटते. होळीच्या आधीचा हा आठवडी बाजारांचा उत्सव बाहेरची मंडळी 'प्रेमाचा बाजार' म्हणून रंगवतात, आणि आदिवासी समाजाने त्याला वेळोवेळी आक्षेप घेतला आहे. ढोल-मांदळ ऐकावेत, बासरी ऐकावी, खरेदी करावी. पण परक्या लेकीबाळींच्या तोंडासमोर कॅमेरा धरू नये. आपल्या घरच्या हळदीकुंकवात कोणी असा घुसला तर आपण खपवून घेऊ का?

मुक्काम केल्याने काय मिळते, याचा दाखला देवासने दिला आहे. कुमार गंधर्व १९४८ साली प्रकृतीसाठी कोरड्या हवेच्या देवासला येऊन राहिले. आजारपणात अंथरुणावर पडल्या पडल्या त्यांनी माळव्याची लोकगीते ऐकली, आणि त्यांच्या गाण्याला नवे पाणी मिळाले. सकाळी येऊन संध्याकाळी परतणाऱ्याच्या कानी ते सूर पडले नसते.

इंदूर-दाहोद रेल्वेचे भूमिपूजन २००८ साली झाले, आणि तिचे काम वर्षानुवर्षे चालत आले आहे. रेल्वेची वाट पाहत बसण्याचे कारण नाही. महामार्ग उत्तम आहे. येत्या वर्षी आमच्या वाचकांनी दोन रात्रींचा बेत करावा. पहिल्या दिवशी धारचा किल्ला आणि अमझेरा, रात्री सरदारपूर-राजगड परिसरात मुक्काम. दुसऱ्या दिवशी बाघची लेणी आणि छापखाने. पावसाळा असेल तर तिसऱ्या पहाटे तणमोराचा माळ. महाराष्ट्र मंडळांनी वार्षिक सहल या बाजूला काढली, तर चाळीस-पन्नास माणसांच्या जेवणाचे काम एखाद्या गावच्या महिला बचत गटाला आगाऊ सांगता येईल. आगाऊ सांगावे, आगाऊ रक्कम द्यावी आणि घासाघीस करू नये.

आपले पूर्वज विंध्याचे घाट चढून या मुलखात फौजेनिशी आले आणि चौथाई वसूल करू लागले. तीनशे वर्षांनी त्याच घाटांतून आपण पाहुणे म्हणून जावे, रास्त भाडे द्यावे, आणि यजमानाला पुढच्या हिवाळ्यात पुन्हा येण्याचा शब्द देऊन निघावे.