आपला आवाज, आपला चेहरा

मोबाइलवर आपला व्हिडिओ लावला की पुष्कळ माणसे लाजतात. "छे! हा आवाज माझा नव्हेच," म्हणतात आणि व्हिडिओ पुसून टाकतात. असे का होते, ते आम्ही सांगतो.

आपण बोलतो तेव्हा आपला आवाज आपल्याला दोन वाटांनी ऐकू येतो. एक वाट बाहेरच्या हवेतून. दुसरी आतल्या आत, डोक्याच्या हाडांतून. हाडांतून येणारा आवाज भरदार असतो. व्हिडिओत फक्त हवेतला आवाज उतरतो. म्हणून तो बारीक वाटतो. दोन्ही कानांत बोटे घाला आणि आपले नाव घ्या. जो घुमतो, तो हाडांतला आवाज. तो दुसऱ्या कोणालाच ऐकू जात नाही. घरची माणसे तुमचा व्हिडिओतलाच आवाज रोज ऐकतात. त्यांना तो कधी परका वाटत नाही.

चेहऱ्याचेही तसेच. आरशात डावे-उजवे उलटे दिसते, आणि आपल्याला त्याचीच सवय. व्हिडिओत भांग दुसऱ्या बाजूला गेलेला दिसतो. मोबाइल तोंडाजवळ धरला, तर नाकही मोठे दिसते. तो हातभर लांब ठेवावा.

आता आपल्या मुळशी तालुक्यातल्या बायांचे पाहा. गी पॉइटवाँ आणि हेमा राईरकर यांनी त्यांच्याकडून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. पुढे हे काम महाराष्ट्रभर पसरले. एक लाखाहून अधिक ओव्या जमल्या. १९९० नंतर पुष्कळ ओव्यांचे रेकॉर्डिंगही झाले. गावोगाव पिठाच्या गिरण्या आल्या, जाती थांबली, पण ओव्या राहिल्या. २०१७ पासून 'पारी' या संकेतस्थळावर त्या ऐकायला मिळतात. काही बायांचे व्हिडिओही तिथे आहेत. गाणाऱ्यांपैकी काही जणी आज हयात नाहीत. त्यांची नातवंडे आजीचा आवाज ऐकू शकतात. "माझा आवाज नको," असे त्या म्हणाल्या असत्या, तर काय उरले असते?

तेव्हा असे करा. घरी एखादी ओवी किंवा जुनी हकीगत सांगा आणि व्हिडिओ घ्या. पहिल्यांदा डोळे मिटून नुसते ऐका. मग आवाज बंद करून नुसते पाहा. तिसऱ्यांदा दोन्ही एकत्र. चार दिवस असे केले की सवय होते. आणि व्हिडिओ पुसण्याआधी घरच्यांना एकदा विचारा. ते बहुधा "राहू द्या" म्हणतील.