शीव राखणारे आणि शीव आखणारे

१

माझे आजोबा १९७२ च्या दुष्काळात मुंबईला आले. तोवर ते उदगीर तालुक्यातल्या एकाच गावात, एकाच महारवाड्यात राहिले होते. आजोबा गावातून हलले नाहीत. त्यांचा जिल्हा मात्र हलला. ते जन्मले निजामाच्या हैदराबाद संस्थानात, बिदर जिल्ह्यात. १९५६ साली ते जागच्या जागी उस्मानाबाद जिल्ह्याचे झाले. पुढे १९८२ साली, ते घाटकोपरच्या डोंगरावर पत्र्याच्या खोलीत राहत असताना, त्यांचे गाव लातूर जिल्ह्यात गेले. एक गाव, एक महारवाडा आणि तीन जिल्हे.

हे मला कळले ते २००७ साली, बारावीनंतर. प्रवेशासाठी जातीचा दाखला हवा होता. घरात पदवीपर्यंत जाऊ पाहणारा मी पहिलाच. त्यामुळे असा दाखला कसा काढतात हे सांगणारे कोणी नव्हते. पुरावा म्हणून हाती एकच कागद होता. आजोबांच्या थोरल्या भावाने गावच्या शाळेत जेमतेम वर्ष काढले होते. त्या शाळेच्या दाखलखारीज रजिस्टरचा तो उतारा. त्यावर जातीपुढे ‘महार’ आणि पत्त्यापुढे ‘तालुका उदगीर, जिल्हा बिदर’. टेबलामागच्या कारकुनाने कागद पाहिला आणि वडिलांना म्हणाला, ‘‘बिदर कर्नाटकात आहे. तुम्ही परराज्यातले. तिकडूनच दाखला आणा.’’

वडिलांचे तीन खाडे झाले. गावाकडच्या एका निवृत्त तलाठ्याने समजावून दिले, तेव्हा गाठ सुटली. १९५६ पर्यंत उदगीर तालुका बिदर जिल्ह्यातच होता, हे त्याला तोंडपाठ होते. टेबलामागच्या माणसाला ते ठाऊक नव्हते आणि आम्हालाही नव्हते. त्याच्या अज्ञानाची किंमत मात्र आम्ही मोजली. आज मी उपनगरातल्या एका महाविद्यालयात शिकवतो. दरवर्षी जून-जुलैत तसाच कागद हातात घेऊन एखादा विद्यार्थी माझ्यासमोर उभा राहतो. जिल्ह्यांच्या सीमा हा भूगोलाच्या पुस्तकातला कंटाळवाणा धडा नाही, हे त्याच्यामुळे पुन्हा पुन्हा ध्यानात येते. म्हणून हा लेख.

२

सीमेला आपल्याकडे जुना शब्द आहे ‘शीव’. गावगाड्यात शीव राखण्याचे काम कोणाचे होते? महाराचे. कोणत्या ओढ्यापाशी गावाची हद्द संपते, कोणत्या धोंड्यापासून शेजारच्या गावाची सुरू होते, हे त्याला ठाऊक असे. दोन गावांत शिवेवरून तंटा लागला की महाराची साक्ष मोलाची मानली जाई. एरवी ज्याची सावलीही नको, त्याचा शब्द हद्दीच्या बाबतीत प्रमाण! या कामाच्या बदल्यात वतनाच्या नावाने जमिनीचा तुकडा आणि हक्काच्या नावाने शिळी भाकरी मिळे. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदे कौन्सिलात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले ते ही वेठ मोडण्यासाठी. प्रत्यक्षात ही कनिष्ठ गावकामगार वतने रद्द करणारा कायदा १९५८ साली झाला.

म्हणजे शीव राखणारे आम्ही होतो. आखणारे कधीच नव्हतो.

मुंबईतही ही शीव आहे. ज्याला इंग्रजांनी ‘सायन’ केले ते मूळचे शीवच. मुंबई बेट तिथे संपत होते आणि पलीकडे साष्टी सुरू होत होती. अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड ही सगळी साष्टीतली गावे. साष्टी पोर्तुगीजांनी १५३४ साली घेतली, मराठ्यांनी १७३९ साली जिंकली, इंग्रजांनी १७७४ साली बळकावली. इंग्रजी अमलात ती ठाणे जिल्ह्याचा भाग होती. मुंबई वाढू लागली तसा १९२० साली साष्टीचा दक्षिण भाग ठाण्यातून काढून मुंबई उपनगर जिल्हा करण्यात आला. पुढे १९५० साली महापालिकेची हद्द जोगेश्वरी आणि भांडुपपर्यंत गेली. अंधेरी, घाटकोपर तेव्हा आत आले. १९५७ साली ती दहिसर आणि मुलुंडपर्यंत सरकली, तेव्हा बोरिवली आणि मुलुंडही आत आले. उपनगर जिल्हा बृहन्मुंबईत विरून गेला आणि १९९० च्या ऑक्टोबरात पुन्हा वेगळा झाला. अंधेरी, बोरिवली आणि कुर्ला हे त्याचे तीन तालुके. शहर आणि उपनगर यांची वाटणी आजही जवळपास त्याच जुन्या शिवेवर आहे. धारावी शहर जिल्ह्यात, कुर्ला उपनगरात.

३

आता महाराष्ट्राकडे पाहू. १ मे १९६० रोजी राज्य झाले तेव्हा त्यात २६ जिल्हे होते. ते कोणी एका जागी बसून, एका विचाराने पाडलेले नव्हते. तीन वेगवेगळ्या राजवटींचा तो वारसा होता. कोकण, खानदेश आणि देशावरचे जिल्हे मुंबई इलाख्याचे. मराठवाड्याचे पाच निजामाचे. विदर्भाचे आठ मध्यप्रांत-वऱ्हाडचे. राज्यकर्त्याला सारा नीट गोळा करता यावा, बंदोबस्त ठेवता यावा, एवढाच जुन्या जिल्ह्याचा हेतू. म्हणून तर जिल्ह्याच्या प्रमुखाला इंग्रजीत ‘गोळा करणारा’ अशा अर्थाचे नाव मिळाले, कलेक्टर. संस्थाने विलीन झाली तेव्हा त्यांचे तुकडे या चौकटीत बसवले गेले. १९४९ साली कोल्हापूर संस्थानाचा जिल्हा झाला; त्याच वर्षी साताऱ्याचा दक्षिण भाग वेगळा झाला, त्याला १९६० साली सांगली हे नाव मिळाले.

१ नोव्हेंबर १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत मोठी उलथापालथ झाली. बिदर जिल्ह्याचे उदगीर, अहमदपूर आणि निलंगा हे मराठी तालुके उस्मानाबादेला जोडले गेले. बेळगाव म्हैसूर राज्यात गेले, पण त्यातला चंदगड तालुका कोल्हापूरला आला. राजुरा तालुक्याची कथा याहून नमुनेदार आहे. निजामाच्या अमलात तो आदिलाबाद जिल्ह्यात, १९५६ साली नांदेड जिल्ह्यात आणि १९५९ साली चांदा जिल्ह्यात. तीन वर्षांत तीन जिल्हे! तिथल्या कोलामाला वा गोंडाला या तीन वर्षांत कोणी काही विचारले असेल, असे मानायला जागा नाही.

राज्य झाल्यावर वीस वर्षे नवा जिल्हा झाला नाही. मग १ मे १९८१ रोजी रत्नागिरीतून सिंधुदुर्ग आणि औरंगाबादेतून जालना निघाले. ऑगस्ट १९८२ मध्ये उस्मानाबादेतून लातूर आणि चंद्रपुरातून गडचिरोली. १९९० साली मुंबई उपनगर. १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वाशीम आणि धुळ्यातून नंदुरबार. १ मे १९९९ रोजी परभणीतून हिंगोली आणि भंडाऱ्यातून गोंदिया. शेवटी १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून पालघर. असे हे ३६ झाले. हिंगोली-गोंदियानंतर चार महिन्यांत विधानसभेची निवडणूक होती आणि पालघरनंतर अडीच महिन्यांत. मागण्या जुन्या असतात. त्या मान्य होण्याला मुहूर्त लागतो, एवढे यावरून कळते.

४

विभाजनाचे कारण नेहमी एकच सांगितले जाते : शासन लोकांच्या दारी यावे. ते खोटे नाही. उदगीरच्या माणसाला उस्मानाबादेपेक्षा लातूर निम्म्या अंतरावर आहे. दिवसाची मजुरी बुडवून कचेरी गाठणाऱ्याला हे अंतर म्हणजे पोटाचा प्रश्न असतो. ठाणे जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत १ कोटी १० लाखांहून अधिक होती. देशात इतका मोठा जिल्हा दुसरा नव्हता. त्याचे विभाजन व्हायलाच हवे होते.

पण दार कोणाचे, हा प्रश्न उरतोच. ठाण्याचे विभाजन हवे असणाऱ्या आदिवासी कार्यकर्त्यांत जव्हारला मुख्यालय करा अशी मागणी होती. कारण जव्हार, मोखाडा, विक्रमगड हा डोंगरपट्टाच ठाण्यापासून तुटलेला होता. मुख्यालय झाले पश्चिम रेल्वेवरच्या पालघरला. मोखाड्याच्या बाईला अजूनही घाट उतरून किनारपट्टीकडे यावे लागते. गडचिरोलीचेही तसेच. सिरोंच्याहून चंद्रपूर दोनशे किलोमीटरच्या घरात होते, गडचिरोलीही जवळपास तेवढेच आहे. अहेरी जिल्ह्याची मागणी त्यातूनच आली. रेघ मारली म्हणून अंतर कमी होत नाही. मुख्यालय कुठे ठेवले यावर ते ठरते.

बाबासाहेबांनी १९५५ साली भाषिक राज्यांचा विचार मांडताना हाच मुद्दा फार मोठ्या पटावर मांडला होता. प्रदेशाची हद्द आखताना त्या हद्दीत कोणती जात संख्येने आणि जमिनीने वरचढ ठरते, हे पाहिले पाहिजे. विखुरलेल्या लहान जाती तिच्या दयेवर राहता कामा नयेत, असे त्यांचे म्हणणे होते. मुंबई, पश्चिम, मध्य आणि पूर्व असे महाराष्ट्राचे चार भाग त्यांनी सुचवले ते या विचारातून. राज्याबद्दलचा हा प्रश्न जिल्ह्यालाही विचारला पाहिजे.

५

सीमेवर आपले काय काय टांगलेले असते, ते आता क्रमाने पाहू.

पहिली गोष्ट जातीचा दाखला. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५० ही तारीख कळीची आहे. राष्ट्रपतींचा अनुसूचित जातींचा आदेश त्या दिवशीचा. अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०. विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१. इतर मागासांसाठी १३ ऑक्टोबर १९६७. त्या दिवशी तुमचे पूर्वज जिथले रहिवासी होते तिथल्या सक्षम अधिकाऱ्याने दाखला द्यायचा, हा नियमाचा गाभा. त्या गावाचा जिल्हा नंतर बदलला असेल तर आज ते गाव ज्या जिल्ह्यात आहे तिथे जायचे. म्हणून प्रत्येक घराने दोन ओळी लिहून ठेवाव्यात : त्या तारखेला आपले गाव कोणत्या तालुक्यात, जिल्ह्यात, राज्यात होते आणि आज कशात आहे. परराज्यातून आलेल्याला इथल्या सवलती मिळत नाहीत. त्यामुळे ‘बिदर’ हा एक शब्द चुकीचा वाचला गेला तर माणूस आपल्याच राज्यात परका ठरतो.

दुसरी गोष्ट यादीची. १९५० च्या आदेशात विदर्भातल्या आदिवासींना केवळ काही तहसिलींपुरतेच अनुसूचित मानले होते : अमरावतीत मेळघाट, चांद्यात गडचिरोली आणि सिरोंचा, यवतमाळात केळापूर, वणी आणि यवतमाळ. तहसिलीची शीव ओलांडली की गोंड कायद्याच्या लेखी गोंड राहत नसे. हे क्षेत्रबंधन १९७६ च्या कायद्याने उठले. तोवर सव्वीस वर्षे, म्हणजे एक पिढी गेली.

तिसरी गोष्ट जागांची आणि पैशांची. विधानसभेचे मतदारसंघ जिल्ह्याच्या हद्दीत आखले जातात. २००८ च्या रचनेनुसार उपनगर जिल्ह्यात २६ मतदारसंघ आहेत आणि अनुसूचित जातींसाठी राखीव एकच, कुर्ला. शहर जिल्ह्यात १० आणि राखीव एक, धारावी. जिल्हास्तरीय क आणि ड वर्गाच्या पदांतील आरक्षणाची टक्केवारी आदिवासीबहुल जिल्ह्यांत निराळी असते. अनुसूचित जाती उपयोजनेचा निधी जिल्हा नियोजन समितीतून वाटला जातो. मुंबईच्या दोन्ही जिल्ह्यांना जिल्हा परिषद नाही. राज्यात ३६ जिल्हे असून जिल्हा परिषदा ३४ आहेत त्या यामुळेच. म्हणजे ९३ लाखांवर वस्तीच्या आमच्या जिल्ह्यात हा निधी कुठे गेला हे विचारायला जिल्हा परिषदेचा सदस्यही नाही. नियोजन समितीवरच डोळा ठेवावा लागतो. आमच्यातले किती कार्यकर्ते तो ठेवतात?

६

जिल्हा करण्याचा वा मोडण्याचा अधिकार राज्य सरकारचा. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम ४ मध्ये तो आहे. पण त्याच कलमात आगाऊ प्रसिद्धीची अट आहे. सरकारला आधी राजपत्रात मसुदा छापावा लागतो, लोकांच्या हरकती आणि सूचना मागवाव्या लागतात, त्यांचा विचार करून मगच अंतिम अधिसूचना काढता येते. शीव आखली जाते तेव्हा आत शिरायला कायद्याने ठेवलेली ही एक फट आहे. व्यापारी, वकील, साखर कारखान्याची मंडळी ती नेमकी ओळखतात. मुख्यालय कोणत्या गावी यावे म्हणून शहरे बंद ठेवली जातात, कारण मुख्यालयाबरोबर कचेऱ्या येतात आणि जमिनीचे भाव चढतात. दलित वस्तीतून, आदिवासी पाड्यातून गेलेली लेखी हरकत मात्र क्वचितच असते.

नव्या जिल्ह्यांच्या मागण्या आजही आहेत : मालेगाव, अंबाजोगाई, किनवट, अचलपूर, पुसद, चिमूर, अहेरी, जव्हार. उदगीरही त्यात आहे. उद्या उदगीर जिल्हा झाला तर आजोबांच्या गावाला चौथे नाव लागेल. त्याला माझा विरोध नाही. झाला तर आनंदच आहे. पण त्या मसुद्यावर आमच्या महारवाड्याची एक तरी हरकत वा सूचना असावी, एवढे मला वाटते. दाखल्याची कचेरी कुठे असेल, वसतिगृह कुठे बांधाल, जुने उर्दू-मराठी दप्तर कोणत्या कचेरीत ठेवाल आणि त्याची नक्कल किती दिवसांत द्याल, हे त्यात विचारलेले असावे.

मी आता विद्यार्थ्यांना दाखल्याचा अर्ज भरायला शिकवतो, त्याआधी त्यांच्या गावाचा जिल्हा-इतिहास एका कागदावर लिहायला लावतो. परवा एका मुलीने लिहिले : आजोबा चांदा, वडील चंद्रपूर, गाव गडचिरोली, मी मुंबई उपनगर. खाली तिने १९५० ची तारीख अचूक लिहिली होती. टेबलामागे कोणीही बसलेले असो, तिला परत पाठवणे आता सोपे जाणार नाही.