कॅनडा आणि अमेरिका: फरक स्वभावाचा की कायद्याचा?

कॅनडाची माणसं मुळातच कनवाळू, अमेरिकेत मात्र ज्याचं त्यानं बघावं. टोरांटोत एक भाऊ आणि न्यू जर्सीत दुसरा, अशा मराठी घरांतून ही वाटणी हमखास ऐकू येते. मला ती अन्यायाची वाटते, कारण तिच्यात ज्यांनी भांडून व्यवस्था उभी केली, त्यांचं श्रेयच पुसलं जातं.

आरोग्यसेवेचंच पाहा. 1950च्या सुमाराला दोन्ही देशांत डॉक्टरचं बिल रुग्णाच्या खिशातून किंवा खासगी विम्यातून जाई. बदल सुरू झाला तो सस्कॅचेवान या गहू पिकवणाऱ्या प्रांतात. टॉमी डग्लस यांच्या सरकारनं तिथं 1947 साली रुग्णालयाच्या खर्चाचा सार्वजनिक विमा आणला. पुढं 1 जुलै 1962ला डॉक्टरांच्या फीचाही विमा लागू झाला आणि त्याच दिवशी प्रांतातल्या बहुसंख्य डॉक्टरांनी संप पुकारला. तो 23 दिवस चालला. सरकारला ब्रिटनहून डॉक्टर आणावे लागले. शेवटी तडजोड झाली, आणि तिच्यामुळेच कॅनडातले डॉक्टर सरकारी नोकर असतात हा समज चुकीचा ठरतो. बहुतेक डॉक्टर आजही स्वतःचा दवाखाना चालवतात, फक्त बिल प्रांताकडे पाठवतात. 1966च्या केंद्रीय कायद्यानंतर इतर प्रांतही सामील झाले. 1984च्या कायद्यानं रुग्णाकडून वरचे पैसे घेण्याला चाप लावला.

‘तिथं सगळं फुकट’ हेही खरं नाही. पैसा करातून येतो. दुकानातून आणायची औषधं, दात, चष्मा या गोष्टी 1984च्या कायद्यात बसत नाहीत. त्यासाठी अनेकांना नोकरीतून मिळणाऱ्या विम्यावर विसंबावं लागतं. गुडघा किंवा खुबा बदलायला महिनोन्‌महिने थांबावं लागतं, ही तक्रारही रास्त आहे.

उलट, अमेरिकी सरकार आरोग्यावर खर्चच करत नाही असं मानणं साफ चूक. 1965च्या कायद्यानं तिथं 65 वर्षांवरील नागरिकांसाठी मेडिकेअर आणि गरिबांसाठी मेडिकेड सुरू झालं. 1986च्या कायद्यानुसार तातडीच्या विभागात आलेल्या रुग्णाला, पैसे असोत वा नसोत, तपासून त्याची प्रकृती स्थिर करावीच लागते. (बिल नंतर येतंच.) सरकारी तिजोरीतून होणारा दरडोई आरोग्यखर्च अमेरिकेत कॅनडापेक्षा जास्त आहे. अडचण आहे ती विम्याच्या तुकड्यातुकड्यांच्या रचनेत: नोकरी गेली की अनेकांचा विमाही जातो.

फाशीबाबतही फरक स्वभावाचा नाही, कायद्याचाच. जुलै 1976मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं फाशीची वाट पुन्हा मोकळी केली. त्याच महिन्यात कॅनडाच्या संसदेनं खुनासाठीची फाशी अगदी थोड्या मतांच्या फरकानं रद्द केली. त्या वेळी कॅनडातही बहुमत फाशीच्या बाजूनं होतं. जनमत विरोधात असताना खासदारांनी तो निर्णय घेतला.

आणि डग्लस? संपाच्या तोंडावर, जून 1962च्या केंद्रीय निवडणुकीत, त्यांच्याच प्रांतातल्या रिजायना शहरानं त्यांना पाडलं. 2004 साली कॅनडाच्या सीबीसी वाहिनीच्या प्रेक्षकांनी मतदान करून ‘सर्वश्रेष्ठ कॅनेडियन’ निवडला, तेव्हा पहिलं नाव त्यांचंच आलं.