केळव्याचा किनारा आणि पगारी रजा

रविवारी केळव्याला मुंबईकर लोटतात. सुरूच्या सावलीत बसतात, शीतलादेवीचे दर्शन घेतात. गावाचा संसार मात्र पानवेलीच्या वाड्यांवर व मासेमारीवर चालत आला. पाहुण्यांसाठी चूल पेटवणारी बाई रविवारी दुप्पट राबते. पावसाळ्यात पाहुणे आटले, की तिची मिळकतही आटते.

फ्रान्समध्ये १९३६ साली कामगारांना दोन आठवड्यांची पगारी रजा कायद्याने मिळाली आणि सामान्य कुटुंबे किनाऱ्यावर पोचली. आपल्याकडे १९४८ च्या कारखाना कायद्याने वीस दिवसांच्या कामामागे एक दिवस पगारी रजा दिली. बोईसरहून केळवे रोड तिसरेच स्टेशन; पण खाडा म्हणजे मजुरी बुडाली, अशा कंत्राटी कामगाराला ते दूरच. विश्रांती हा मजुरीचाच भाग आहे, असे आम्ही मानतो. चुलीपुढच्या त्या बाईलाही ती मिळाली पाहिजे.