मंत्रचळ आणि त्यामागची भावना

मंत्रचळ हा शब्द आपण फार स्वस्त करून टाकला आहे. कुणी कुलूप दोनदा ओढून पाहिले की आपण तो हसत हसत वापरतो. पण जिला हा विकार खरोखरच जडतो, तिचे तासचे तास न्हाणीत जातात. चंद्रपूरच्या मे महिन्यात, हापशीवरून घागर घागर पाणी आणणाऱ्या घरात, प्रथम दिसते ते संपणारे पाणी. तिच्या हातांना पडलेल्या भेगा मागाहून दिसतात.

हे सोवळेच आहे असे म्हणून काही घरे गप्प बसतात. गडचिरोलीकडील माडिया स्त्रियांना पाळीच्या दिवसांत कुर्माघरात राहावे लागते. ती रूढी मला स्त्रीवर अन्याय करणारी वाटते. तरी तिचे दिवस ठरलेले असतात. मंत्रचळातले स्नान मात्र संपतच नाही, आणि ते व्यर्थ आहे हे बहुधा त्या बाईलाही कळत असते.

मग ती धुते का? धुतल्याने भीती घटकाभर ओसरते म्हणून. ‘तू स्वच्छ आहेस ग’ असे घरच्यांनी पुनःपुन्हा सांगणे हेही त्यातलेच. लंडनच्या व्हिक्टर मेयर यांनी 1966 साली उलट वाट दाखविली: भीती वाटते त्या वस्तूला हात लावायचा आणि धुवायचे नाही. हा उपाय आणि औषधे यांवरच आजही मुख्य भिस्त आहे.

परंतु कित्येकींचा मळ हातावर नसतोच. अपमानाच्या वा विश्वासघाताच्या नुसत्या आठवणीनेही माणसाला विटाळल्यासारखे होते, हे रॅकमन यांनी 1994 साली मांडले. तिथे साबण काय करणार? कॅनडातील लेस्ली ग्रीनबर्ग यांची भावनाकेंद्री उपचारपद्धती इथे उपयोगी पडावी. वर किळस नि भीती, खाली दडलेली लाज. रिकाम्या खुर्चीवर अपमान करणारा बसला आहे असे मानून रुग्ण त्याच्याशी बोलते. बोलता बोलता ‘माझा काय दोष?’ असा राग उठतो, स्वतःविषयी कणव येते, आणि लाज ढिली पडते. या पद्धतीची कसोटी नैराश्यात पुष्कळ लागली आहे, मंत्रचळात थोडी. म्हणून ती मेयरांच्या उपायाच्या जोडीनेच घ्यावी.

बाळंतिणीची गोष्ट याहून नाजूक. आपल्या हातून बाळाला इजा होईल या विचाराने ती विळी लपवून ठेवते. त्या विचाराची तिला शिसारी येते, हीच या विकाराची खूण. बाहेरची बाधा म्हणतील या धाकाने ती बोलत नाही. घरी येणाऱ्या आशाताईंनी बाळाच्या वजनाबरोबर हेही विचारावे. 2022 पासून सरकारचा 14416 हा टेलि-मानस क्रमांक आहे. त्यावर मराठीत बोलता येते.