नातीच्या मापाचे जाकीट

सिल्वासाहून समुद्र तसा फार दूर नाही. आमच्या गावावरून वाहणारी दमणगंगा पुढे दमणला सागरास मिळते. तरीही आमच्या घरात सागरप्रवासाचा विषय गेली कित्येक वर्षे निघत नसे. या श्रावणात तो निघाला, आणि तोही ऐन जेवणाच्या वेळी. चिरंजीव म्हणाले, "बाबा, यंदा दिवाळीच्या सुटीत मुंबईहून गोव्याला क्रूझने जाऊ या. सगळेच जाऊ." चार वर्षांच्या नातीने तत्काळ 'बोट, बोट' असा घोष सुरू केला. सूनबाईंनी आमच्याकडे पाहिले. आम्ही आईकडे पाहिले. पंचाऐंशी वर्षांच्या आईने उचललेला घास पानात ठेवला आणि एवढेच विचारले, "पोरीच्या मापाचं जाकीट असतं का रे त्या बोटीवर?"

या प्रश्नाचे मूळ ठाऊक नसणाऱ्यास तो म्हातारपणीचा भित्रेपणा वाटेल. आईचे माहेर रेवसच्या बाजूचे. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेली 'रामदास' बोट भर पावसात काशाच्या खडकाजवळ उलटली आणि सहाशेंहून अधिक माणसे बुडाली. स्वातंत्र्य अवघ्या महिन्यावर आले असता अलिबाग-रेवसच्या पट्ट्यात घरोघर आकांत उडाला. आई तेव्हा सात वर्षांची होती. ज्या घरची माणसे परतली नाहीत, त्या घरांची नावे ती आजही घेते. मात्र त्यापुढे काही सांगत नाही.

कोकणच्या माणसाला बोट ही चैन कधीच नव्हती. रस्ते नव्हते, म्हणून आगबोट होती. जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, मालवण, वेंगुर्ले अशी बंदरे घेत ती पणजीला जाई. बहुतेक ठिकाणी ती खोल पाण्यातच उभी राहत असे. मग उतारू, ट्रंका, फणस आणि तान्ही मुले हिंदकळणाऱ्या पडावांतून किनाऱ्याला लागत. १९९८ साली कोकण रेल्वे सलग धावू लागली, तोवर ती आगबोट केवळ आठवणींत उरली होती. पुढे २०१८ च्या ऑक्टोबरात 'आंग्रिया' ही आरामबोट मुंबई-गोवा मार्गावर आली. पण तिचा प्रवास २०२० मध्ये थांबला. २०२१ च्या सप्टेंबरपासून 'कॉर्डेलिया'ची क्रूझ मुंबईहून निघू लागली. या नव्या प्रवासात पोहोचण्याची घाई नसते; जहाज हेच मुक्कामाचे ठिकाण असते. म्हणूनच 'कोठे जायचे' यापेक्षा 'कोणाच्या सोयीने जायचे' हा प्रश्न आधी सोडवावा लागतो. सोबत चार वर्षांचे मूल असेल, तर उत्तर उघड आहे.

आम्ही दोघे पितापुत्र वही घेऊन बसलो. पहिला प्रश्न ऋतूचा. पावसाळ्यात पश्चिम किनाऱ्याचा समुद्र खवळलेला असतो आणि मे महिन्याच्या अखेरीस त्याची चाहूल लागते. शाळेच्या दोन मोठ्या सुट्यांपैकी दिवाळीचीच सुटी त्यातल्या त्यात योग्य ठरली. दुसरा प्रश्न मुदतीचा. प्रथमच जाणाऱ्या मुलाला दोन रात्री पुरेत. तान्ह्या बाळांच्या आईवडिलांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी: बहुतेक कंपन्या सहा महिन्यांखालील बाळाला घेत नाहीत आणि महासागर ओलांडणाऱ्या प्रवासासाठी हीच मर्यादा सहसा एक वर्षाची असते.

तिसरा प्रश्न खोलीचा. जहाज झोके घेते तेव्हा त्याची दोन टोके व वरचे मजले अधिक हलतात. मध्यभागी, खालच्या मजल्यावर हेलकावा सर्वांत कमी. डोळे स्थिर खोली पाहतात आणि कानातील तोल सांभाळणारे इंद्रिय मात्र हालचाल सांगते. या दोन साक्षींच्या विसंवादातून मळमळ उत्पन्न होते. दोन वर्षांच्या आतील मुलांना हा त्रास क्वचित होतो. त्यानंतर तो वाढत जाऊन शाळकरी वयात सर्वाधिक असतो. अशा वेळी मुलाला उघड्यावर आणून दूर क्षितिजाकडे पाहावयास लावावे, पोटात थोडे कोरडे खाणे असावे. बालरोगतज्ज्ञांना विचारल्यावाचून औषध देऊ नये. गच्चीची खोली देखणी खरी. पण खुर्चीवर चढून कठड्याशी जाणारे मूल घरात असेल, तर आम्ही म्हणू, बंद खिडकीची खोली बरी.

सूनबाईंनी दोन बाबी वहीत घातल्या, त्या आम्हा पुरुषांना सुचल्या नसत्या. एक म्हणजे पोहण्याचा हौद. लंगोट वापरणाऱ्या मुलांना तेथे सहसा प्रवेश नसतो आणि काठावर जीवरक्षक असेलच असे नाही. म्हणून मुलाजवळ घरचे एक माणूस हाताच्या अंतरावर हवेच. दुसरी म्हणजे पाळी. 'सगळे आहेत' असे म्हणतात तेव्हा मुलाकडे कोणाचेच लक्ष नसते. कोणत्या वेळी मूल कोणाच्या स्वाधीन, हे नाव घेऊन ठरवावे.

आता जाकिटाचा प्रश्न. त्याचे उत्तर आम्हांला जहाजावर नव्हे, त्याआधीच मिळाले. सराव म्हणून एका रविवारी आम्ही नातीला जवळपासच्या एका ठिकाणी नौकाविहारास नेले. तेथे मोठ्यांचीच जाकिटे होती. एक तिच्या अंगावर चढवले, पट्टे आवळले. "चालेल," आम्ही म्हणालो. सूनबाईंनी नातीला दोन्ही हात वर करावयास सांगितले आणि जाकीट खांद्याशी धरून वर उचलले. ते तिच्या हनुवटीवरून, कानांवरून सरकून अलगद बाहेर आले. पोर मात्र जागच्या जागी उभी होती. पाण्यात हेच झाले असते.

आम्ही नावेत पाऊल न ठेवता परतलो. नात वाटभर रडली. आयुष्यभर मुलांना नियम शिकवणाऱ्या माणसाच्या तोंडून 'चालेल' हा शब्द इतक्या सहज निघावा, याची लाज आम्हांला त्या रात्री झोप येईपर्यंत पुरली. १८ डिसेंबर २०२४ रोजी गेटवेहून घारापुरीस निघालेल्या 'नीलकमल' लाँचवर नौदलाची वेगवान नौका आदळली आणि पंधरा जीव गेले. मृतांत एक लहान मुलगाही होता. गेटवेच्या लाँचवर जाकीट सक्तीचे झाले ते त्यानंतर. सक्ती दुर्घटनेच्या मागून येते. घरच्या माणसाने तिची वाट पाहू नये.

मोठ्या जहाजांचे नियमही असेच दुःखातून घडले आहेत. 'टायटॅनिक' १९१२ साली बुडाली, १९१४ साली सागरी सुरक्षेचा पहिला आंतरराष्ट्रीय करार झाला. २०१२ साली इटलीच्या किनाऱ्याशी 'कोस्टा कॉन्कॉर्डिया' कलंडली. त्यानंतर, २०१५ पासून, जहाज सुटण्यापूर्वी किंवा सुटताच प्रवाशांना सुरक्षेचा पाठ देणे बंधनकारक झाले. सात आखूड आणि एक लांब भोंगा म्हणजे संकटाची खूण. या पाठाच्या वेळी खोलीत सामान लावत बसू नये. मुलाला घेऊन जावे आणि आपली जमण्याची जागा त्याला दाखवावी. याच नियमांत जाकिटांची मापे वजनानुसार ठरलेली आहेत: पंधरा किलोंच्या आत तान्ह्यांचे, पंधरा ते त्रेचाळीस किलोंपर्यंत मुलांचे.

नवरात्रात आईनेच नातीला वाण्याच्या काट्यावर उभे करण्यास फर्मावले. वजन भरले साडेचौदा किलो. म्हणजे वयाने मुलांत, पण जाकिटाने तान्ह्यांत! तिकिटापूर्वी आम्ही वजन व उंची लिहून कंपनीकडे चौकशी केली. त्या मापाचे जाकीट खोलीत ठेवले जाईल, असे लेखी उत्तर आले. मध्यंतरी भाऊच्या धक्क्याहून मांडव्याला जाणाऱ्या रो-रो बोटीने तासाभराचा प्रवासही करून आलो. नात क्षितिजाकडे बोट दाखवून बडबडत होती. मळमळले ते आम्हांला.

कंपनीचे ते उत्तर आम्ही आईस वाचून दाखवले. तिने ते पुन्हा एकदा वाचावयास लावले. मग म्हणाली, "जा तुम्ही. मी काही यायची नाही. पण पोरीला ते घालून दोन्ही हात वर करायला लाव, आणि मग मला फोन कर."

तिकिटे आम्ही दुसऱ्या दिवशी काढली.